वर्ध्याचे घर, मेक्सिकोची भाकरी
(चौसाळा येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)

बालाघाटाच्या या मुलखात भाकरीचे मोल सांगावे लागत नाही. १८८४ साली वर्ध्यात जन्मलेल्या डॉ. पांडुरंग खानखोजे यांनी ते मेक्सिकोत जपले. गदर चळवळीतील या क्रांतिकारकाला मायदेशाची दारे इंग्रजांनी बंद केली होती. १९२४ पासून ते चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्यावर संशोधन केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना भाकरी मोडताना रंगवले.

१९३६ साली त्यांचा बेल्जियन जीन यांच्याशी विवाह झाला. आई युरोपीय, शहराची भाषा स्पॅनिश, तिथली रोजची भाकरी मक्याची. पण मुलींची नावे मात्र सावित्री आणि माया! मुलींना मारलेल्या प्रत्येक हाकेत भारत त्या घरात वावरत होता.

१९४९ साली ते स्वतंत्र भारतात आले, तेव्हा इंग्रजांच्या जुन्या काळ्या यादीमुळे विमानतळावर अडवले गेले! तरीही मनात कटुता न धरता ते १९५५ साली कायमचे परतले आणि नागपुरात स्थायिक झाले. १९६७ साली तेथेच त्यांचे निधन झाले.

आज आपली मुले परदेशी जातात. त्यांना एवढेच सांगावे : जिथले अन्न खाल, त्या मातीचे ऋण फेडा; आणि घरातली हाक आपली राहू द्या.