निरोगी माणसाची निवड



रोग्याची परीक्षा वैद्यानें करावयाची, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु धडधाकट माणसाचीहि परीक्षा घ्यावी लागते, व कित्येकदां तीच अधिक बिकट असते. मेंदू आणि आनुवंशिकता यांच्या संशोधनासाठीं निरोगी माणसें कशीं निवडतात, तें आज थोडक्यांत सांगतों.

अमेरिकेंत २०१० सालीं ‘ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट’ हें कार्य सुरू झालें. मेंदूच्या निरनिराळ्या भागांना सांधणाऱ्या मार्गांचा नकाशा काढणें, हा त्याचा हेतु. त्यासाठीं २२ ते ३५ वर्षांचीं सुमारें १,२०० माणसें निवडलीं. त्यांत सख्खीं भावंडें व जुळीं पुष्कळ होतीं. एकरूप जुळ्यांचा जनुकसंच जवळजवळ एकच असतो. इतर जुळ्यांत सरासरीनें निम्मा वांटा समान असतो. म्हणून पहिल्यांच्या मेंदूंत साम्य अधिक आढळल्यास त्याचें कारण बव्हंशीं आनुवंशिकतेंत शोधतां येतें.

मधुमेह वा वाढलेला रक्तदाब असणारांस, तसेंच फार अपुऱ्या दिवसांत जन्मलेल्यांस वगळलें. धूम्रपान करणारांस किंवा स्थूल माणसांस मात्र तेवढ्यावरून वगळलें नाहीं. निर्दोष देहच वेंचून घेतले, तर समाजाचें खरें चित्र हातीं कसें येणार? शरीरांत धातूचें उपकरण असणारांचा प्रश्न निराळा. प्रचंड लोहचुंबकाजवळ त्यांच्या जिवासच धोका असतो.

मी शाळेंत असतांना “फळ्याशीं कोण येतो?” असें विचारलें, कीं तेच चार हात वर होत. त्यांवरून सबंध वर्गाची पारख केली असती, तर मीच फसलों असतों. ब्रिटनमध्यें नेमकी हीच अडचण दिसून आली. ‘यूके बायोबँके’नें २००६ ते २०१० या काळांत ४० ते ६९ वर्षांच्या सुमारें ९० लक्ष लोकांस बोलावलें, आले सुमारें ५ लक्ष. पुढें ताडून पाहतां आलेले लोक सर्वसाधारण जनतेपेक्षां अधिक सुस्थितींतले, कमी धूम्रपान करणारे व कमी स्थूल आढळले. त्यांतील एक लक्ष जणांच्या मेंदूचीं व इतर अवयवांचीं चित्रें घेण्याचें काम २०१४ सालीं आरंभून २०२५ सालीं पुरें झालें. त्या चित्रांवरून अनुमान काढतांना न आलेल्यांचें स्मरण ठेवावेंच लागतें.

आपणांपैकीं कोणास असें बोलावणें आलें, तर अवश्य विचार करावा. पण संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. चित्रांत अकल्पित दोष दिसल्यास मला सांगाल काय? माझ्या जनुकांची माहिती माझ्या भावंडांनाहि लागू पडते. ती कोणाच्या हातीं जाईल? आणि मध्येंच माघार घ्यावीशी वाटली, तर घेतां येईल ना? उत्तरें स्पष्ट मिळालीं, तर हात खुशाल वर करावा.