येतो म्हणालात, तर या

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संपादित मजकूर. वक्ते हैदराबादमधील एका महाविद्यालयातून निवृत्त झालेले रसायनशास्त्राचे प्राध्यापक असून तेथे राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी होते.)



चिटणिसांनी मला विषय दिला 'विद्यार्थी आणि समाजसेवा', आणि वेळ दिली वीस मिनिटं. विषय फार मोठा आहे आणि माझ्यानंतर पाककला स्पर्धेचं बक्षीसवाटप आहे, हे मला ठाऊक आहे. तेव्हा मी फक्त वृद्धाश्रमात जाणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल बोलणार आहे. त्यातल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत, त्यामुळे तेवढा अधिकार मला आहे असं मी समजतो.

राष्ट्रीय सेवा योजना, आपण सगळे जिला एन. एस. एस. म्हणतो, ती २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकानं दोन वर्षांत २४० तास काम करायचं, असा तिचा हिशेब. हेतू उत्तम. पण तास मोजायचे म्हटले की मास्तर तास मोजायलाच लागतो. मीही तेच केलं. पहिल्या वर्षी साठ मुलं बसमध्ये घातली, केळी, ब्रेड आणि बालूशाही घेतली, आणि शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात गेलो. मुलांनी गाणी म्हटली, फोटो काढले, साडेबाराला परत. प्रत्येकाच्या नावावर पाच तास लिहिले. मी खूश, प्राचार्य खूश.

दोन आठवड्यांनी तिथल्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला. फार सभ्यपणे बोलल्या. म्हणाल्या, "सर, १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन, दुसऱ्या दिवशी गांधी जयंती. त्या आठवड्यात इतकी केळी येतात की आम्ही शेजारच्या म्हशींना घालतो. मे महिन्यात कुणी फिरकत नाही. आणि तुमच्या बालूशाहीनं चौघांची साखर वाढली." एवढं ऐकून मी ओशाळलोच होतो. मग त्या म्हणाल्या, "आमचे एक आजोबा दोन रविवार फाटकाशी खुर्ची टाकून बसताहेत. निळ्या शर्टाचा मुलगा येतो म्हणाला होता. तो आजारी आहे का, असं विचारतात."

मी त्या मुलाला बोलावलं. मुलगा चांगला होता. तो म्हणाला, "सर, मी येईन असं कबूल केलं नव्हतं. निघताना म्हणतात तसं नुसतं 'वेळ्ळोस्तानु' म्हणालो." तेलुगूत निघताना तसंच म्हणतात, जाऊन येतो. आपणही मराठीत 'जातो' कधी म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हटलं तर घरातली मोठी माणसं रागावतात. चांगली रीत आहे. पण ज्या माणसाकडे वर्षभरात कुणी आलेलं नाही, तो हा शब्द रीत म्हणून ऐकत नाही.

पुढच्या वर्षापासून बस बंद केली. सहा मुलं निवडली. दोघांची जोडी, आठवड्यातला वार ठरलेला, वेळ चार ते साडेपाच, वर्षभर. खाऊ न्यायचा नाही, फोटो काढायचे नाहीत. पहिला महिना मुलं कंटाळली, कारण काय करायचं हेच त्यांना कळेना. मग कामं आपोआप सापडत गेली.

एक आजोबा कुणाशी बोलत नसत, सगळे त्यांना तिरसट म्हणत. आमच्या एका मुलीनं त्यांचं कानातलं यंत्र हातात घेऊन बघितलं, तर आतली बॅटरी संपलेली. ती बटणाएवढी बॅटरी आठवडा-दोन आठवडेच टिकते. मुलानं यंत्र घेऊन दिलं होतं, बॅटरी कोण आणणार हे कुणी ठरवलं नव्हतं. बॅटरी घातल्यावर आजोबा इतके बोलायला लागले की दुसरेच कंटाळले. वयोमानानं कान जातो तेव्हा आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. म्हणून कानाशी ओरडायचं नाही. समोर बसून, ओठ दिसतील असं, खालच्या आवाजात सावकाश बोलायचं. हे आपल्या घरीही करून बघा.

दुसरं काम हयातीच्या दाखल्याचं. दर नोव्हेंबरात पेन्शनरानं आपण जिवंत असल्याचं कळवायचं असतं. २०१४ पासून ते 'जीवन प्रमाण'मध्ये बोटाच्या ठशानं होतं, पण म्हातारपणी बोटांवरच्या रेघा झिजतात आणि यंत्र माणसाला ओळखत नाही. २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. मुलांना हे पाच मिनिटांचं काम. मी निवृत्त झाल्यावरही ह्या कामाला मुलांबरोबर जातो. नियम एकच: पैशाला, पासबुकाला, पिन नंबराला हात लावायचा नाही, ओ. टी. पी. आला तर आश्रमाचा माणूस शेजारी हवा.

आता ज्यासाठी मी आज इथे उभा राहायला तयार झालो, ती गोष्ट. त्याच आश्रमात नांदेडच्या एक आजी आहेत. त्यांचे यजमान निजामाच्या अमदानीत उर्दूत शिकलेले, सरकारी कारकून. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पण हे नोकरीसाठी इथेच राहिले. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घराण्याची हीच कथा आहे. आजींनी पन्नास वर्षं इथल्या बाजारात दखनी हिंदीत घासाघीस केली, शेजारणींशी तेलुगूत गप्पा मारल्या. स्मृतिभ्रंश झाला आणि नंतर शिकलेल्या भाषा आधी गेल्या. आता फक्त मराठी उरली आहे, तीही माहेरची.

आश्रमातल्या सगळ्या आया तेलुगू. आजी दुपारी बेचैन होत, दाराकडे बोट दाखवून ओरडत. आयांना वाटे, घरी जायचा हट्ट चाललाय. त्या हाताला धरून पुन्हा झोपवत. मग अंथरूण ओलं व्हायचं आणि आजी रडायच्या. मला फोन आला तेव्हा मी आपल्या मंडळातल्याच एका मुलाला आणि एका मुलीला घेऊन गेलो. आजी म्हणत होत्या, "मला परसाकडं जायचंय." मुलाला तो शब्द माहीत नव्हता. त्यानं तिथूनच आपल्या आजीला फोन लावला. ती हसली म्हणे, आणि मग अर्थ सांगितला.

त्या दिवशी दोघांनी बसून तीसेक शब्दांचा तक्ता केला. आजींचा मराठी शब्द तेलुगू लिपीत, पुढे तेलुगू अर्थ. भूक म्हणजे आकलि, दुखतंय म्हणजे नोप्पि, थंडी वाजते म्हणजे चलि. पहिला शब्द 'परसाकडं'. तक्ता खाटेमागच्या भिंतीवर चिकटवला. अंथरूण ओलं होणं पूर्ण थांबलं नाही, पण पुष्कळ कमी झालं, असं आया सांगतात. माझ्या सगळ्या नोकरीत मुलांच्या हातून झालेलं ह्याहून उपयोगी काम मला आठवत नाही.

आजी त्या मुलीला 'वन्सं' म्हणतात. पहिल्यांदा ती समजावत राहिली, "मी तुमची नणंद नाही हो आजी." आजी घाबऱ्याघुबऱ्या व्हायच्या. आता ती नुसतं "बोला वहिनी" म्हणते, आणि आजी तिला बारशाचं आमंत्रण देतात. कुणाचं बारसं, विचारू नये.

आता पालकांशी थोडं. मागे आमच्यातला एक मुलगा त्याच्या मंगळवारी गेला, तर त्याच्या आजोबांची गादी गुंडाळून ठेवलेली. त्याला कुणी कळवलं नव्हतं. तो आठ दिवस नीट जेवला नाही. त्याच्या आई मला भेटल्या, म्हणाल्या, "सर, ह्या वयात मुलांना हे कशाला दाखवता?" मी त्यांना काहीतरी उत्तर दिलं, पण ते मला स्वतःलाच पटलं नाही. अजूनही माझ्याजवळ पुरतं उत्तर नाही. एवढंच केलं, की आता असं झालं तर आश्रम आधी मला कळवतो आणि मी मुलाच्या घरी जाऊन सांगतो. तो मुलगा तीन आठवड्यांनी आपण होऊन परत गेला. गेला नसता तरी मी त्याला नावं ठेवली नसती. तशी कुणालाच ठेवायची नाहीत. माझा स्वतःचा मुलगा सिएटलला आहे.

मुलं सोडूनही जातात. परीक्षा येतात, नोकरी लागते. माझी एकच अट असते: शेवटच्या दिवशी समोर बसून सांगायचं, की आजोबा, मी आता येणार नाही. ही अट मुलांना सगळ्यात जड जाते. एकानं टाळली, आणि त्याच्या जागी दोन महिने मला उत्तरं द्यावी लागली.

तर, तक्ता करणारी मुलगी येत्या जूनमध्ये शिकायला पुण्याला जाते आहे. आजींना मराठी बोलणारं माणूस हवं आहे. दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. चाळीस नावं नकोत, चार पुरेत. ज्यांचं मराठी मोडकं आहे त्यांनीही चालेल, घरी आजी असली म्हणजे झालं. पहिल्या दिवशी मी बरोबर येईन. आणि विसर्जनाच्या आधी एका संध्याकाळी आरतीला दोघं-तिघं माझ्याबरोबर चला. मोदक न्यायचे नाहीत. मुलांचं नाव आजींना आठवत नाही, पण आरती अजून सगळी पाठ आहे, आणि आपण एखादं कडवं गाळलं तर त्या थांबवतात.