परदेशातली पुंजी घरी आणताना



आपल्या बचत गटांत काही जणींचे मालक दुबई, मस्कत, कुवेतला कामाला आहेत. इतकी वर्षे घर, म्हाताऱ्यांची औषधे, गटाचे हप्ते सगळे या बायांनीच ओढले. आता माणूस कायमचा परत येणार म्हटल्यावर पहिली काळजी पडते, तिकडच्या पैशावर इथे कर किती जाणार? आज त्यावरच बोलूया.

तारापूर एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या बाईचा दर महिन्याला पीएफ कापला जातो. दुबईत आपल्या माणसांना सहसा तसा पीएफ नसतो. नोकरी सुटताना एकरकमी पैसे मिळतात. पहिल्या 5 वर्षांसाठी दर वर्षाला 21 दिवसांचा मूळ पगार, पुढच्या प्रत्येक वर्षाला 30 दिवसांचा. मूळ पगार महिना 1500 दिरहम आणि नोकरी 10 वर्षे असेल, तर 12,750 दिरहम होतात. ओव्हरटाइम, राहण्याचा भत्ता यात धरत नाहीत. हा हिशेब माणूस तिकडे असतानाच कंपनीकडून लिहून घ्यायला सांगा.

आता कर. दुबईत पगारावर आयकर नाही. इथे लागतो की नाही, हे माणूस भारतात किती दिवस राहिला यावर ठरते. आधीच्या 10 वर्षांपैकी 9 वर्षे जो कायद्याने अनिवासी होता, त्याला परत आल्यावरही काही काळ सवलत मिळते. परदेशात कमावलेल्या आणि परदेशातच हाती आलेल्या पगाराच्या पैशावर तेव्हा इथे कर नाही.

म्हणून दोन गोष्टी करा. जुने-नवे सगळे पासपोर्ट जपून ठेवा, त्यावरचे शिक्के हाच दिवसांचा पुरावा. आणि शेवटची रक्कम आधी तिकडच्या खात्यात घ्या, मग बँकेतून घरी पाठवा. कंपनीने ती थेट इथल्या खात्यात टाकली, तर ती भारतातच मिळालेली मिळकत धरली जाऊ शकते.

अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्यांची गोष्ट वेगळी. तिथला पैसा काढाल तेव्हाच इथे कर भरण्याची सोय 2021 च्या अर्थसंकल्पाने केली. पण त्यासाठी वेळेत अर्ज भरावा लागतो.

कराच्या भीतीने कुणी हुंडीने पैसे पाठवायला सांगेल. ऐकू नका. ते बेकायदा आहे, आणि पैसे बुडाले तर हातात कागदाचा चिटोराही नसतो.

परत आल्यावर एनआरई खाते साध्या खात्यात बदलायला बँकेत जावे लागते. त्यानंतरचे व्याज करमुक्त नसते. त्याच फेरीत तुम्हीही सोबत जा. खात्याला वारस म्हणून कुणाचे नाव आहे, ते विचारा. घर तुम्ही सांभाळलेत, तर हे विचारण्यात लाज कसली?

रक्कम मोठी असेल, तर माणूस विमानात बसण्याआधीच कर सल्लागाराला गाठा. पैसे हाती आल्यावर मार्ग कमी उरतात.