बाटलीतली झाडे आणि रात्रपाळी



कामगार चळवळीतल्या माणसाने झाडांवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. आमचे शिक्षण सातवीपर्यंत; बाकीचे पाळी सुटल्यावर वाचून झालेले. पण ज्या वस्तूला रात्रंदिवस राखणारा माणूस लागतो, ती आमच्या विषयाबाहेरची नव्हे.

ज्वारीचे बी वाळवून गारठ्यात ठेवले तर कित्येक वर्षे टिकते. आंब्याच्या कोयीचे तसे नाही. ती वाळली की मेली; काही आठवड्यांतच तिची रुजण्याची शक्ती जाते. फणसाची आठळीही तशीच. शिवाय कोय रुजली तरी झाड आईच्याच गुणाचे निघेल याची शाश्वती नाही. म्हणून तर आपण कलमे बांधतो. कुणी कलम बांधण्याआधीच एखादा गोड रायवळ आंबा रस्तारुंदीत पडला, की तो वाण संपला.

शास्त्रज्ञांनी यावर तोड काढली ती ऊतिसंवर्धनाची. कोंबाचे टोक निर्जंतुक करून साखर, क्षार आणि अगर यांच्या खाद्यावर बाटलीत वाढवायचे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९८० साली शंभर वर्षांच्या सागापासूनही अशी रोपे केल्याचे प्रसिद्ध केले. ऊतिसंवर्धनाने वाण राखण्याचे राष्ट्रीय भांडार दिल्लीस १९८६ साली स्थापन झाले. वाण राखायचा असेल तर बाटल्या थंडाव्यात ठेवून वाढ मंदावतात. मग महिन्यागणिक बदलायचे खाद्य पुष्कळ महिने पुरते. त्याहून लांबचा पल्ला म्हणजे कोंबाचे टोक किंवा बियांतला गर्भ उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवणे. पेशींतले पाणी आधी काढावे लागते, नाहीतर बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. तिथे जीव वाढत नाही, म्हातारा होत नाही. सगळीच झाडे याला वश होत नाहीत, ही गोष्ट वेगळी. आंबा तर फारच हट्टी.

पण नायट्रोजन उडून जातो. टाकी पुन्हा पुन्हा भरावी लागते, दिवाळीतसुद्धा.

काही वर्षांपूर्वी केळीची रोपे करणाऱ्या एका कारखान्यातल्या बायांनी आम्हांस बोलावले. आठ आठ तास ज्योतीपुढे बसून पात्याने कोंब कापणाऱ्या या बाया, सगळ्या ठेक्यावरच्या. मालकाने खर्च वाचवायला रात्रीचा माणूस काढला होता. सुटीच्या दोन दिवसांत वीज गेली आणि जनित्र सुरू करायला कुणी नव्हते. खोली तापली, रोपे पिवळी पडली, बाटल्यांत बुरशी धरली. पगार कापला तो बायांचा! तो आम्ही परत मिळवला. रात्रीचा माणूस परत यायला मात्र अकरा महिने लागले.

केळी पुन्हा आणता आली, कारण ती शेतात उभी होती. त्या मांडणीवर पडलेल्या रायवळाची शेवटची बाटली असती तर? उद्या कुणी अशा भांडाराची फीत कापायला आपणांस बोलावील. जरूर जा. किती वाण ठेवले ते तो सांगेलच. रात्रपाळीला कोण आहे आणि तो कायम आहे की ठेक्यावर, हे आपण विचारा.