न विचारलेल्या प्रश्नाची किंमत

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

अधिवेशन सुरू झाले की आपल्या वर्तमानपत्रांत काही शब्द हटकून दिसू लागतात. तारांकित प्रश्न, अतारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना. तालुक्यातला रखडलेला पूल असो की दवाखान्यातली रिकामी पदे असोत, कुण्या आमदाराने त्यावर प्रश्न टाकला आणि मंत्र्यांनी 'माहिती घेऊन सांगतो' असे उत्तर दिले, ही बातमी आपण चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो. प्रश्न विचारून होते तरी काय, असेही मनात येऊन जाते. आज त्याचबद्दल बोलायचे आहे. पण त्यासाठी मी तुम्हाला थोडे लांब, उत्तर आयर्लंडमध्ये नेणार आहे. तिथे एक साधा प्रश्न वेळेवर नेटाने विचारला गेला नाही. त्यातून उठलेल्या वादात सरकार कोसळले आणि तीन वर्षे पुन्हा उभे राहिले नाही.

उत्तर आयर्लंड हा ब्रिटनच्या राज्यात मोडणारा छोटा प्रदेश. ब्रिटनशी जोडलेले राहावे म्हणणारे एका बाजूला, आयर्लंडशी एक व्हावे म्हणणारे दुसऱ्या बाजूला. या वादात तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मारली गेली. 10 एप्रिल 1998 रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी करार झाला आणि बेलफास्टच्या स्टॉरमाँट टेकडीवर नवी विधानसभा आली. डिसेंबर 1999 मध्ये लंडनने काही सत्ता तिच्या हाती सोपवली.

'सोपवली' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. 1919 च्या सुधारणांनंतर मुंबई इलाख्यात दोन प्रकारची खाती झाली होती. शिक्षण, आरोग्य यांसारखी खाती लोकांना जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे गेली, ती 'सोपीव' खाती. पोलीस, जमीनमहसूल गव्हर्नरच्या हाती राहिले, ती 'राखीव' खाती. आपल्या पणजोबांच्या पिढीने वर्तमानपत्रांत हे शब्द रोज वाचले असतील. उत्तर आयर्लंडच्या 1998 च्या कायद्यातही विषयांची विभागणी याच धर्तीवर आहे. सोपवलेले, राखून ठेवलेले आणि पूर्णपणे वगळलेले, असे तीन वर्ग. आरोग्य, शिक्षण, शेती, रस्ते हे सोपवलेले. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार हे वगळलेले.

प्रश्न विचारणाऱ्याला ही विभागणी पाठ असावी लागते. मंत्र्याला त्याच्या अखत्यारीतलेच विचारता येते. पोलीस आणि न्याय हे विषय स्टॉरमाँटकडे एप्रिल 2010 मध्ये आले. तोपर्यंत पोलिसांच्या कारभाराचा जाब तिथल्या मंत्र्याला विचारण्यात अर्थ नव्हता, कारण तो विषय लंडनचा होता. आपल्याकडे याला आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात. सत्तेची वाटणी झाली की पहिला घोळ हाच होतो. जबाबदारी कुणाची, हेच लोकांना कळत नाही. योग्य दारात विचारलेला प्रश्न ती जबाबदारी नावानिशी नोंदवतो.

आता तिथली पद्धत पाहू. सोमवारी आणि मंगळवारी दुपारी दोन वाजता प्रश्नोत्तरे सुरू होतात आणि मंत्री पाळीपाळीने उभे राहतात. कुणाला संधी मिळणार हे सोडतीने ठरते. आधी नोंदवलेले प्रश्न होतात, त्यांवर पुरवणी प्रश्न येतात. नंतरची काही मिनिटे ताज्या विषयांसाठी असतात. त्यात विचारणाऱ्याचे नाव मंत्र्याला ठाऊक असते, पण विषय ठाऊक नसतो. खात्याची खरी ओळख असलेला मंत्री कोण आणि सचिवाची चिठ्ठी वाचणारा कोण, ते तिथे लगेच उघडे पडते. दूरचित्रवाणीवर दिसतो तो हाच भाग.

पण जाणकार सांगतील, खरी कामाची वस्तू म्हणजे लेखी प्रश्न. सदस्य प्रश्न दाखल करतो, त्याला क्रमांक मिळतो आणि कामकाजाच्या दहा दिवसांत लेखी उत्तर येणे अपेक्षित असते. अमुक रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी किती माणसे एक वर्षाहून अधिक काळ थांबली आहेत? अमुक योजनेवर कोणत्या वर्षी किती खर्च झाला? असे कोरडे, आकडे मागणारे प्रश्न. उत्तरे प्रसिद्ध होतात. पत्रकार ती वाचतात, संस्था जपून ठेवतात आणि पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा टाकून आकडा वाढला की घटला हे पाहता येते. उत्तरे उशिरा येतात, गोलमाल येतात, ही तक्रार तिथेही आहेच. पण टाळलेले उत्तरसुद्धा तारखेसह कागदावर राहते.

मात्र या विधानसभेची एक अडचण आपल्याला नवलाची वाटेल. जुने वैर मिटावे म्हणून सरकार सर्वांचे, असा नियम केला गेला. पक्षांच्या बळाप्रमाणे बहुतेक खाती वाटली जातात. फर्स्ट मिनिस्टर म्हणजे तिथले मुख्यमंत्री एका बाजूचे, तर उपमुख्यमंत्री दुसऱ्या बाजूचे. 'उप' फक्त नावापुरते, अधिकार दोघांचे सारखेच. एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचेही पद जाते. शांततेसाठी ही रचना मोलाची होती. पण सारेच सत्तेत बसले तर विचारायचे कुणी? अधिकृत विरोधी पक्षाची तरतूद करणारा कायदा 2016 मध्ये झाला. तोपर्यंत बरीच वर्षे प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच सरकारातल्या पक्षांचे असत. दुसऱ्या पक्षाच्या मंत्र्याला चिमटा काढायला प्रश्न वापरला जाई, पण सरकारच्या धोरणाची उलटतपासणी मागे पडे.

आता त्या प्रश्नाकडे येऊ. नोव्हेंबर 2012 मध्ये तिथे एक योजना सुरू झाली. उद्योगांनी आणि शेतकऱ्यांनी तेलाऐवजी लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारे बॉयलर बसवावेत आणि त्यासाठी सरकारने वीस वर्षे अनुदान द्यावे. हेतू चांगला होता. इंग्लंड-स्कॉटलंडकडे अशीच योजना वर्षभर आधी आली होती. तिथे ठरावीक तासांनंतर अनुदानाचा दर खाली येई. बेलफास्टच्या नियमांत मात्र हा लगामच नव्हता. अनुदान इंधनाच्या खर्चापेक्षा जास्त झाले. म्हणजे जितके जाळाल तितकी कमाई. रिकामी इमारत तापवली तरी पैसे मिळणार!

हे नियम 2012 मध्ये खात्यातून निघाले आणि विधानसभेतून मंजूर होऊन गेले. 'शेजारच्या योजनेत जो लगाम आहे, तो आपल्या योजनेत का नाही?' हा एका ओळीचा प्रश्न. तो वेळीच नेटाने लावून धरला गेला असता, तर पुढचे रामायण टळले असते. 2013 मध्ये एका उद्योजक महिलेने खात्याला सावध केले होते. तिच्या सांगण्यावर अधिकाऱ्यांनी विश्वास ठेवला नाही. 2015 च्या शरदात दर कमी होणार अशी कुणकुण लागताच काही आठवड्यांत जवळजवळ हजार अर्ज आले. फेब्रुवारी 2016 मध्ये योजना नव्या अर्जांसाठी बंद झाली. जुलैमध्ये लेखापरीक्षकांचा अहवाल आला. वीस वर्षांत 49 कोटी पौंडांचा जादा भार पडेल, असा अंदाज पुढे आला.

त्यानंतर प्रश्नांचा पाऊस पडला. बैल गेला आणि झोपा केला! योजना आली तेव्हा खात्याच्या मंत्री असलेल्या आर्लीन फॉस्टर आता मुख्यमंत्री होत्या. 19 डिसेंबर 2016 रोजी खास बैठकीत त्या निवेदन द्यायला उभ्या राहिल्या. निवेदनाला उपमुख्यमंत्र्यांची संमती नाही म्हणून इतर पक्षांचे सदस्य सभागृहातून निघून गेले. मुख्यमंत्री बोलत होत्या आणि समोर होते ते स्वपक्षाचे सदस्य. 9 जानेवारी 2017 रोजी उपमुख्यमंत्री मार्टिन मॅगिनेस यांनी राजीनामा दिला आणि सरकार गेले. पुढे भाषेचा आणि इतर प्रश्नांचा तिढाही त्यात मिसळला आणि जानेवारी 2020 पर्यंत नवे सरकार आले नाही.

त्या तीन वर्षांत काय झाले? शाळा चालू होत्या, दवाखाने चालू होते, सचिव मंडळी खाती सांभाळत होती. पण मंत्री नव्हते, म्हणून उत्तर देणारे कुणी नव्हते. निवडून आलेले सदस्य होते, पण सभागृहात जाब विचारण्याची त्यांची वाट बंद होती. एका सचिवाने कचरा जाळण्याच्या मोठ्या प्रकल्पाला मंजुरी दिली. मंत्री नसताना असा निर्णय अधिकाऱ्याला घेता येत नाही, असे 2018 मध्ये न्यायालयाला सांगावे लागले. कारभार चालणे आणि राज्य चालणे यांत फरक असतो. तो फरक उत्तर देण्याच्या बांधिलकीचा आहे.

दरम्यान बॉयलर योजनेची न्यायालयीन चौकशी सुरू होती. आपण ते नियम स्वतः वाचले नव्हते, असे फॉस्टर यांनी तिथे मान्य केले. त्याहून धक्कादायक होते ते त्या वेळचे नागरी सेवाप्रमुख डेव्हिड स्टर्लिंग यांचे सांगणे. मंत्र्यांबरोबरच्या बैठकांची टिपणे ठेवण्याची सवय मोडली होती, आणि कागद नसला तर माहिती अधिकारात तो मागता येणार नाही, हेही त्यामागचे एक कारण होते! मार्च 2020 मध्ये तीन खंडांचा अहवाल आला. त्यात 319 निष्कर्ष आणि 44 शिफारशी होत्या. हे सारे मुख्यतः भ्रष्टाचारातून घडले नाही. चुका, दुर्लक्ष आणि अपुरी समज यांतून घडले, असा त्याचा सूर होता. मधल्या काळात अनुदानाचे दर उतरवले गेले आणि 49 कोटींचे संकट प्रत्यक्षात तेवढे आले नाही. पण मधली तीन वर्षे कुणी परत दिली नाहीत. पुढे 2022 मध्ये वेगळ्या कारणाने तिथले सरकार पुन्हा गेले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये परत आले.

आपल्या देशात कायदेमंडळात प्रश्न विचारण्याचा हक्क 1892 च्या कायद्याने मिळाला. पण पुरवणी प्रश्न विचारता येत नव्हता. सरकार जे उत्तर देईल ते ऐकून खाली बसायचे. पुरवणी प्रश्नाची मुभा 1909 च्या सुधारणांनंतर मिळाली, तीही मूळ प्रश्न विचारणाऱ्यालाच. प्रश्नोत्तराच्या तासात आपला आमदार उठून 'अध्यक्ष महोदय, मंत्रिमहोदयांनी दिलेले उत्तर चुकीचे आहे' असे म्हणतो, तेव्हा त्यामागे एवढी वाटचाल असते. तो तास गोंधळात वाहून गेला की नुकसान कुणा पक्षाचे होत नाही. तुमच्या पुलाचा, तुमच्या दवाखान्याचा प्रश्न विचारायचा राहून जातो.

म्हणून पुढच्या वेळी लोकप्रतिनिधी दारी आले, तर कोणते काम केले याबरोबर आणखी एक गोष्ट विचारा. गेल्या अधिवेशनात तुम्ही कोणते प्रश्न विचारलेत आणि काय उत्तर मिळाले? उत्तर कागदावर असेल, तर तो कागदही मागून घ्या.