शेवटी जेवणारीला विचारा



भुकेच्या मोजणीवरच्या या परिषदेत, स्वागत समितीच्या वतीने, जबलपुरात आपले स्वागत!

घरातली अन्नाची चणचण मोजायची कशी, हा प्रश्न या मुलखाला जुना आहे. 1896-97 च्या दुष्काळात जबलपूर विभाग होरपळला. सरकारी रीत अशी, की आधी तुटपुंज्या मजुरीची कामे काढायची, किती माणसे येतात ते पाहायचे आणि त्यावरून टंचाई ठरवायची. जंगलातले गोंड या कामांपासून दूरच राहिले. जो आला नाही तो उपाशी नाही, असे धरून चालणे कचेरीला सोयीचे होते.

आज आपण रेशनच्या पात्रता पर्च्या आणि उचललेले धान्य मोजतो. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने दरमहा माणशी 5 किलो, सर्वांत गरीब अशा अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य मिळते. 2023 पासून तेही मोफत. हे काम लहान नाही, त्याला नावे ठेवणाऱ्यांतला मी नाही. पण यातून कळतो तो दुकानाचा हिशोब. जिचा अंगठा मशीन घेत नाही ती म्हातारी किंवा जिचे नाव अजून पर्चीवर चढलेच नाही ती सून त्यात कुठून दिसणार?

मग घरालाच विचारावे, तर तिथेही पेच आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत दोन वेळ पोटभर मिळत नाही म्हणणारी ग्रामीण घरे 1983 मध्ये सुमारे 17 टक्के होती, 2004-05 मध्ये 3 टक्क्यांच्या आत आली. त्याच काळात खेड्यांतल्या माणशी आहारातले उष्मांकही घटले! आकडे दोन्ही सरकारीच. विद्वान याची कारणे सांगतील. मला मात्र वाटते, उत्तर कोण देतो हेही पाहावे. घरातला कर्ता पाहुण्यासमोर ‘कमी पडते’ म्हणेल कशाला? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे चणचण मोजणारे 8 प्रश्न ‘पुरेल का’ या काळजीपासून दिवसभराच्या उपासापर्यंत जातात. ते सर्वांत शेवटी जेवणारीला, एकटीला गाठून विचारावेत.

दुपारच्या पंगतीत खव्याची जिलबी आहे. भुकेवरच्या परिषदेत ती शोभते का, यावर समितीत वाद झाला. जबलपूरचा पाहुणचार जिंकला. व्यवस्थेत काही उणे राहिले तर सांभाळून घ्या.

एक मागणे आहे. इथे जी प्रश्नावली ठरेल, तिचा मसुदा पक्का करण्याआधी सभागृहात मागे बसलेल्या अंगणवाडी सेविकांना तो वाचून दाखवा आणि त्या सांगतील ते बदल करा.