क्रूझ कंट्रोल बंद पडलं? आधी ब्रेकचे दिवे बघा

धुळ्याहून जळगावकडे निघालं, फागणं मागे पडलं आणि पारोळ्यापर्यंत रस्ता मोकळा मिळाला, की क्रूझ कंट्रोलचं बटण दाबायची सवय आता आपल्याकडेही रुळली आहे. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला तरी गाडी ठरवलेला वेग धरून चालते. पण गाडी दहा-बारा वर्षांची झाली, की एखाद्या दिवशी बटण दाबूनही काही होत नाही. मग कुणीतरी सांगतं, 'मॉड्युल गेलंय, बदलावं लागेल.' एवढ्यावर खर्चाला होकार देऊ नका.

राल्फ टीटर या अमेरिकी इंजिनिअरला १९५० साली या यंत्रणेचं पेटंट मिळालं आणि १९५८ साली ती क्रायस्लरच्या गाड्यांत आली. टीटर लहानपणापासून दृष्टिहीन होते, हे मला फार मोलाचं वाटतं. आजच्या गाडीत या यंत्रणेची पहिली अट अशी, की ब्रेकला पाय लागताच तिनं वेग सोडला पाहिजे. त्यामुळे ब्रेकच्या स्विचबद्दल संगणकाला जरा जरी शंका आली, तरी तो क्रूझ सुरूच होऊ देत नाही.

हा छोटासा स्विच ब्रेक पेडलच्या दांड्याजवळ वर बसवलेला असतो. बऱ्याच गाड्यांत त्याच्या आत दोन संपर्क असतात. एक मागचे दिवे लावतो, दुसरा संगणकाला खबर देतो. म्हणून दिवे लागतात एवढ्यावरून स्विच चांगला आहे असं समजू नका. घरातल्या कुणाला तरी गाडीमागे उभं करा आणि पेडल सावकाश दाबा, सोडा. दिवे लागतच नसतील तर फ्यूज आणि बल्ब बघा. पाय काढल्यावरही दिवे जळत राहिले, तर स्विच सरकलाय किंवा झिजलाय. हौसेनं मागे एलईडी बल्ब बसवले असतील, तर काही जुन्या गाड्यांत तेवढ्यानंही क्रूझ बंद पडतं; मूळ बल्ब लावून बघा.

क्लचच्या पेडललाही असाच स्विच असतो. स्पीडोमीटरचा काटा मध्येच पडत असेल, तर वेगाच्या सेन्सरवर संशय घ्या. हॉर्न वाजत नाही आणि एअरबॅगचा दिवाही लागलाय, तर स्टिअरिंगमधली गुंडाळीची केबल तुटली असण्याची शक्यता मोठी. तिथे मात्र स्वतः हात घालू नका. एअरबॅगचं काम जाणकाराचंच. फार जुन्या गाड्यांत क्रूझ निर्वात दाबावर चालतं. आपल्या खानदेशी उन्हाळ्यात त्याच्या रबरी नळ्या कडक होऊन तडकतात.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावायला सांगा आणि कोड स्वतः वाचा. पी ०५७१ आला तर ब्रेक स्विचचं सर्किट, पी ०५०० आला तर वेगाचा सेन्सर.

क्रूझ नसलं तरी प्रवास अडत नाही. पण कापसाचा ट्रॅक्टर अचानक आडवा आल्यावर मागच्या ट्रकला तुमचा ब्रेकचा दिवा दिसलाच पाहिजे. दुरुस्तीनंतर मोकळ्या रस्त्यावर क्रूझ लावा आणि पेडलला हलका पाय लावा. वेग लगेच सुटला नाही, तर क्रूझचं मुख्य बटण बंद करा आणि दोष सापडेपर्यंत ते वापरू नका.